वैरणीच्या रानातील घट्ट जमीन आणि सबसॉयलर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचे रान निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठाला, काळ्या मळीचे आहे. अडीच एकरांत तीन फुटांच्या सरीवर संकरित नेपियर गवत लावलेले असून यंदा त्याला पाचवे वर्ष लागले. घरी दहा म्हशी व चार गायी आहेत. त्यांच्यासाठी रोज लागेल तेवढी वैरण कापून ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणतो. दोन वर्षांपासून सऱ्यांत पाणी साचून राहते, पावसाळ्यात ठोंब पिवळे पडतात आणि पूर्वी दीड महिन्यात डोक्याबरोबर येणारे गवत आता दोन महिने घेते. शेजारी उसाचा खोडवा काढल्यावर सबसॉयलर (खालचा घट्ट थर तडकवणारे ट्रॅक्टरचे अवजार) चालवतात. मृगाचा पाऊस पडून जमीन मऊ झाली की त्याच ट्रॅक्टरवाल्याला बोलवावे, असा विचार आहे. गवत उभे असताना हे चालेल का? (एक दूध उत्पादक, ता. निपाणी)

उत्तर : सबसॉयलर चालवावा की नाही याचा विचार पुढे करू, परंतु मृगाच्या पावसावर तो मुळीच चालवू नये, एवढे आधीच सांगून टाकतो. जमीन मऊ असताना अवजार सहज ओढले जाते आणि डिझेल कमी लागते हे खरे, पण नेमके तेच त्याचे काम फुकट जाण्याचे लक्षण आहे. सबसॉयलरचा फाळ माती कापत नाही. तो खालच्या थराला वर उचलून तडकवतो, आणि तडे जायचे तर माती पुरेशी कोरडी असावी लागते. ओल्या काळ्या मातीतून फाळ गेला, तर मूर्तिकाराने शाडूच्या गोळ्यातून तार ओढावी तसा प्रकार होतो. एक चीर पडते, तिच्या दोन्ही बाजू चकचकीत लिंपल्या जातात, आणि शेजारची माती मोकळी होण्याऐवजी आणखी दाबली जाते. त्यात मागची चाके घसरली, तर जे घट्टपण घालवण्यासाठी आपण पैसे मोजले तेच पुन्हा विकत घेतल्यासारखे होते.

आपल्याकडे वाफसा (मशागतीजोगी ओल) हा शब्द लहान मुलालाही ठाऊक असतो, पण तो आपण वरच्या चार-सहा इंचांवरून ठरवतो. काळ्या रानात पावसानंतर वरचा थर चार-पाच दिवसांत वाफशावर आला, तरी दीड फुटावरची माती त्यानंतरही कित्येक दिवस चिखलासारखी राहू शकते. म्हणून या कामासाठी वाफसा पाहायचा तो फाळ जिथे चालणार त्या खोलीवर. तिथली मूठभर माती काढून दोन तळहातांमध्ये वळून पाहावी. काडेपेटीतील काडीएवढी बारीक वळी न तुटता तयार झाली, तर जमीन ओली आहे, ट्रॅक्टर परत पाठवावा. वळी होण्याआधीच मातीचे तुकडे पडू लागले, तर काम करण्याजोगी स्थिती आली आहे.

आता मूळ प्रश्न. रान खरोखर घट्ट झाले आहे का, आणि झाले असेल तर किती खोलीवर, हे ट्रॅक्टरवाला सांगू शकणार नाही, कुदळ सांगेल. एक जागा ठोंबाशेजारी, एक ट्रॉलीची चाके जातात तिथे आणि एक बांधालगत, जिथे कधी चाक गेलेले नाही, असे दोन-दोन फूट खोल तीन खड्डे घ्यावेत. बांधालगतचा खड्डा महत्त्वाचा, कारण आपली जमीन मुळात कशी होती हे तोच दाखवतो. खड्ड्याची एक बाजू चाकूच्या टोकाने वरून खाली हलकेच उकरीत जावे. चाकू एकाएकी अडला, माती रव्यासारखी न फुटता आडव्या चकत्यांनी सुटू लागली, मुळे सरळ खाली जाता जाता तिथे काटकोनात वळून आडवी पसरलेली दिसली, तर तो घट्ट थर समजावा. माती निळसर-करडी असून तिला कुजका वास येत असेल, तर तिथे पाणी कोंडते आहे. या थराचा वरचा व खालचा शेवट पट्टीने मोजून लिहून ठेवावा. यंत्राची खोली पुढे याच आकड्यावरून ठरेल. असा थर कुठेच सापडला नाही, तर सबसॉयलरचा विषय तिथेच संपला, आणि गवत मंदावण्याचे कारण दुसरीकडे शोधावे लागेल.

ते दुसरे कारण आपल्या पत्रातच आहे. पाचव्या वर्षी नेपियरच्या ठोंबांचा मध्य वाळून पोकळ होतो आणि फुटवे फक्त कडेने येतात. शिवाय नेपियरसारखे खादाड पीक दुसरे नाही. शंभर टन हिरव्या वैरणीत साधारण वीस टन कोरडा अंश असतो, आणि तेवढ्या वैरणीबरोबर नत्र व पालाश मिळून काहीशे किलो अन्नद्रव्ये रानाबाहेर जातात. शेण ऊस-भाजीच्या रानाला आणि वैरणीला नुसता युरिया, ही पद्धत आपल्या भागात घरोघरी आहे. अशा उपाशी रानात जमीन कितीही मोकळी केली तरी गवत पूर्वीसारखे उठणार नाही.

तरीही आपल्या वर्णनावरून घट्ट थर सापडेल असेच वाटते, आणि त्याचे कारण ती रोजची ट्रॉली आहे. दोन चाकांच्या भरलेल्या ट्रॉलीचा कित्येक टनांचा भार एकाच आसावर येतो, आणि तिची चाके अरुंद व रस्त्यासाठी कडक फुगवलेली असतात. वरच्या थरावर किती दाब येतो हे चाकातील हवेवर अवलंबून असते. पण खाली फूट-दीड फुटावर तो किती पोहोचतो हे आसावरच्या एकूण वजनावर ठरते. म्हणून नुसती हवा कमी करून किंवा रुंद टायर लावून खालचा थर पूर्ण वाचत नाही. आणखी एक गोष्ट अशी, की दबण्याचा मोठा वाटा पहिल्याच फेरीत उरकतो. रोज नव्या सरीतून ट्रॉली नेणे म्हणजे थोडे थोडे करीत सगळे रान दाबून टाकणे होय. त्यापेक्षा रानाच्या मधोमध एक पट्टा कायमचा वाटेला सोडावा, ट्रॉली त्यावरच उभी करावी आणि सरीतून भारे डोक्यावर किंवा हातगाड्यावर तिथवर आणावेत. दोन-तीन गुंठे जमीन वाया जाईल, पण ती आजही वायाच जाते आहे. फरक इतकाच, की आज ती सगळ्या रानात विखुरलेली असल्याने दिसत नाही.

काळ्या जमिनीचा एक गुण मात्र आपण विसरतो. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. चांगल्या काळ्या रानात उन्हाळ्यातील भेग दीड फुटावरही बोटभर रुंद असते. कोणत्याही फाळापेक्षा ही भेग जास्त काम करते आणि तिला डिझेल लागत नाही. आपले आजे-पणजे रान उन्हाळाभर तापू देत, त्यामागे हेही एक कारण होते. बारमाही पाण्यावरच्या नेपियरमध्ये जमीन कधी वाळतच नाही, त्यामुळे वर्षभराचे दडपण स्वतःहून दुरुस्त करण्याची संधीच तिला मिळत नाही. म्हणून माझी पहिली सूचना यंत्राची नाही. मार्चच्या मध्यावर कापणी झाल्यावर अर्ध्या रानाचे पाणी महिना-सव्वा महिना तोडावे. नेपियर तेवढ्याने मरत नाही. ठोंब सुकल्यासारखे दिसतात आणि पाणी मिळताच पुन्हा फुटतात. एक कापणी जाईल, तिची भरपाई कडबा किंवा आधी भरून ठेवलेल्या मूरघासाने (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या वैरणीने) करावी. उरलेले अर्धे रान पुढच्या वर्षी घ्यावे. भेगा पुरेशा खोल गेल्या, तर पुन्हा खड्डा घेऊन पाहावे. थर तडकलेला दिसला तर सबसॉयलरचे भाडे वाचले.

तेवढ्याने भागले नाही, तर एप्रिलमध्ये, वळीव सुरू होण्यापूर्वी, यंत्राचा विचार करावा. परंतु इथे आपल्या तीन फुटांच्या सरीची अडचण येते. काळ्या रानात दीड फूट खोल एक फाळ ओढायला पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा ट्रॅक्टर लागतो, आणि त्याची चाके तीन फुटांच्या सऱ्यांत बसत नाहीत. ती ठोंबांवरूनच जाणार. सरीत बसणारा छोटा ट्रॅक्टर तेवढ्या खोलीवर फाळ ओढू शकत नाही. त्यामुळे उभ्या नेपियरमध्ये खोल काम करण्याच्या मी विरुद्ध आहे. तिथे खोडव्याच्या बगला फोडतो तेवढेच करावे. कापणी झाल्याबरोबर छोट्या ट्रॅक्टरच्या किंवा बैलांच्या अवजाराने सरीतील वरचा सहा-आठ इंचांचा थर फोडावा, त्यात शेणखत घालून हलके पाणी द्यावे. उसासारखाच इथेही जुना जारवा (बारीक मुळ्यांचे जाळे) तुटतो आणि नवा फुटतो; मात्र ठोंबाच्या दोन्ही बाजूंची मुळे एकाच वेळी तोडू नयेत. या कापणीला एकाआड एक सरी घ्यावी, राहिलेल्या सऱ्या पुढच्या कापणीला.

खोल काम लागवड मोडताना करावे, आणि पाचवे वर्ष लागलेच आहे म्हटल्यावर तो मुहूर्त लांब नाही. ठोंब काढल्यावर रान तापू द्यावे आणि खड्ड्यात मोजलेल्या थराच्या खाली एक-दोन इंच फाळ जाईल एवढीच खोली लावावी. थर बारा ते पंधरा इंचांवर असेल तर सतरा इंच पुरेत. ट्रॅक्टर ओढतो आहे म्हणून दोन फूट जाण्यात शहाणपण नाही, कारण प्रत्येक फाळाला एक मर्यादा असते. त्याच्या रुंदीच्या साधारण सहापट खोलीपलीकडे माती वर उचलली न जाता बाजूला दाबली जाते. अडीच-तीन इंची फाळ असेल तर ही मर्यादा दीड फुटाच्या आसपास येते. दोन ओढींमधले अंतर खोलीच्या एक ते दीडपट असावे; त्याहून जास्त ठेवले तर मधला पट्टा न फुटता राहतो. दहा-पंधरा पावले चालवून थांबावे आणि मागे वळून पाहावे. फाळाच्या दोन्ही बाजूंची जमीन इंच-दोन इंच फुगून वर आलेली व तडकलेली दिसली पाहिजे. नुसती फट दिसली, तर जमीन ओली आहे किंवा फाळ फार खोल गेला आहे. अशा वेळी पुढे जाऊ नये. त्याच जागी कुदळीने उकरून थर खरोखर फुटला का, हेही पाहावे. ट्रॅक्टरवाल्याला हा खोळंबा आवडणार नाही, पण एकराचे भाडे आपण देणार असतो.

नवी लागवड करताना जोडओळ पद्धत (दोन ओळी जवळ, मग रुंद मोकळा पट्टा) घ्यावी, आणि दोन जोडींमधला पट्टा एवढा रुंद ठेवावा की आपल्या ट्रॅक्टरची चाके ठोंबांना न लागता जातील. त्यासाठी चाकांमधले अंतर आधी टेपने मोजावे. नुकत्याच मोकळ्या केलेल्या जमिनीइतकी नाजूक जमीन दुसरी नसते. तिच्यावरून त्याच पावसाळ्यात भरलेली ट्रॉली गेली, तर ती पूर्वीपेक्षाही घट्ट बसू शकते. बेण्यासाठी धारवाडच्या चारा संशोधन केंद्राने दिलेले डीएचएन-६ किंवा आपल्याकडे रुळलेले को-४, फुले जयवंत या नेपियरच्या वाणांपैकी जे चांगले मिळेल ते घ्यावे. घट्टपणाला दाद न देणारा असा कोणताही वाण नाही. यंत्र स्वतःचे नसेल, तर भाड्यासाठी होबळी (तालुक्याखालील महसुली विभाग) पातळीवरील कृषी यंत्रधारे या अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रात चौकशी करावी.

प्रश्न : खानापूर तालुक्यात जांबोटीच्या बाजूला आमची दीड एकर तांबडी जमीन गवतासाठी राखलेली आहे. म्हशी पावसाळ्यातही त्यात चरतात. आता गवत विरळ होऊन त्यात तण माजले आहे आणि जमीन दगडासारखी झाली आहे. गवत न मोडता खालची जमीन उचलणारे परदेशातील एक यंत्र मोबाइलवर पाहिले. तसे काही इथे करता येईल का? (एक वाचक, ता. खानापूर)

उत्तर : आपण पाहिलेल्या यंत्रात बहुधा पुढे गवताची साय कापणारी थाळी, तिच्यामागे जमीन उचलणारा अरुंद फाळ आणि शेवटी उचललेले गवत पुन्हा बसवणारा जड रूळ असेल. इंग्लंड-आयर्लंडकडील कायम कुरणांसाठी ते बनवलेले आहे. तिथेही त्याच्या चाचण्यांचे निकाल एकसारखे नाहीत. खालचा घट्ट थर खरोखर होता आणि माती कोरडी होती तिथे फायदा झाला. काही ठिकाणी काहीच फरक पडला नाही, आणि काही ठिकाणी मुळे तुटल्यामुळे पहिल्या कापणीला उत्पादन उलट घटले.

आपला रोग मात्र तेवढा खोल नसावा. म्हशीच्या खुराखाली दर चौरस सेंटिमीटरला येणारा दाब ट्रॅक्टरच्या मागच्या चाकापेक्षा जास्त भरू शकतो, पण तिचे एकूण वजन काहीशे किलोच असल्याने तो खोल जात नाही. खुरांचे घट्टपण बहुतेक वरच्या दोन ते चार इंचांत असते. एवढ्यासाठी दीड फुटाचा फाळ घालणे म्हणजे काटा काढायला पहार आणणे. शिवाय आपल्याकडे हात-दीड हातावर जांभ्याचा थर लागतो. तो खडक आहे, दबलेली माती नव्हे, आणि त्यावर फाळ आदळला तर फाळच तुटेल. सळई खुपसून पाहताना हा फरक ओळखावा : दबलेल्या मातीत सळई जोर लावल्यावर हळूहळू उतरते, जांभ्यावर ती टणत्कार करून थांबते.

वरचा थर फोडायला चार-पाच इंचांचे खिळे बसवलेला लोखंडी रूळ पुरेसा आहे. पिंपाला जाड सळईचे टोकदार तुकडे वेल्ड करून आत पाणी भरले की वजन येते. बेळगावच्या उद्यमबागेत किंवा तालुक्याच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये हे बनवून मिळेल. वेळ मात्र सांभाळावी. एप्रिलमध्ये तांबडी जमीन विटेसारखी असते, त्यात खिळा शिरत नाही. जुलैमध्ये तो शिरतो, पण भोक लिंपून टाकतो. पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात, माती भुसभुशीत ओली असताना आणि गवताची मुळे अजून वाढत असताना रूळ फिरवावा, म्हणजे पडलेल्या भोकांत मुळे उतरतात. त्यावर चाळलेले शेणखत पसरून विरळ जागी मारवेल गवताचे ठोंब लावावेत.

मुळांवर मी भर देतो याला कारण आहे. काळ्या मातीसारखी ही माती फुगत-आकसत नाही, त्यामुळे ती स्वतःहून भेगाळून दुरुस्त होत नाही. आणि तुमच्याकडचा पाऊस इतका जोराचा, की यंत्राने केलेली नुसती मोकळीक एका पावसाळ्यात बसून जाते. टिकते ती मुळांनी आणि गांडुळांनी धरून ठेवलेली. त्यामुळे यंत्रापेक्षाही मोठा उपाय म्हणजे जून ते सप्टेंबर म्हशींना कुरणात न सोडणे आणि गवत कापून गोठ्यात घालणे. चार महिने कापणीची मजुरी अंगावर येते हे मला मान्य आहे. पण म्हशी तशाच सोडायच्या असतील, तर रूळ बनवण्याचा खर्चही करू नये.

प्रश्न : अथणी तालुक्यात पाण्याखालील काळ्या जमिनीत गवत लावले, पण जमीन वाळली की सिमेंटसारखी होते आणि पाणी दिले की लगदा होतो. गेल्या वर्षी सबसॉयलर चालवला. दोन पाण्यांतच जमीन पूर्ववत झाली. पुन्हा चालवावा का? (एक शेतकरी, ता. अथणी)

उत्तर : चालवू नये. आपण सांगता ती लक्षणे चोपण जमिनीची आहेत. तिच्यात सोडियमचे प्रमाण वाढलेले असते आणि त्यामुळे पाणी लागताच मातीचे कण एकमेकांपासून सुटून छिद्रे बुजवतात. यंत्राने केलेली मोकळीक अशा जमिनीत दोन पाण्यांपलीकडे टिकणे शक्यच नाही. आधी माती तपासावी. सामू (पीएच) ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम १५ टक्क्यांहून अधिक आला, तर अहवालात सुचवलेल्या मात्रेने जिप्सम घालावे आणि निघालेला सोडियम पाण्याबरोबर बाहेर जाण्यासाठी चर किंवा सच्छिद्र पाइपांचा निचरा करावा. निचऱ्याशिवाय घातलेले जिप्सम जागीच राहते. हे झाल्यावर जिप्सम खालपर्यंत पोहोचवण्यासाठी एकदा सबसॉयलर चालवला तर त्याचा उपयोग होतो. क्रम उलटला तर नाही. तोवर नेपियरच्या नादी न लागता पॅरा गवत लावावे, ते चोपण आणि पाणथळ दोन्ही सोसते. माती तपासणीसाठी तुक्कानट्टी किंवा मत्तिकोप्प येथील कृषी विज्ञान केंद्राकडे विचारणा करता येईल.

प्रश्न : गवत लावण्यापूर्वी दोनदा रोटाव्हेटर मारून जमीन पिठासारखी केली, तर सबसॉयलरची गरज उरणार नाही ना? (एक वाचक, ता. बेळगाव)

उत्तर : उलट त्यानेच गरज निर्माण होते. रोटाव्हेटरची पाती दरवेळी त्याच पाच-सहा इंचांवर फिरतात आणि त्याखालची माती घासून गुळगुळीत करतात; तिथेच पाणी अडते आणि मुळे आडवी होतात. वरची पिठासारखी माती पहिल्या मोठ्या पावसात बसून तिच्यावर पापडी धरते, हा तोटा वेगळाच. गवताच्या कांड्या लावायला एवढ्या बारीक मातीची आवश्यकता नसते. लिंबाएवढी ढेकळे राहिली तरी कांडी फुटते. नांगरट करून एकदा कुळवावे आणि लागवड पुढच्या वर्षावर ढकलता येत असेल, तर मध्ये एक हंगाम तूर घ्यावी. तुरीचे सोटमूळ जिथवर उतरते तिथवर तिची वाट कुजून मोकळी राहते, आणि पुढे गवताची मुळे त्याच वाटेने खाली जातात.